मधली रिकामी जागा

२०१३ च्या मार्च महिन्यात वॉर्सामधील सेइममध्ये, म्हणजे पोलंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, विरोधी पक्षाचे नेते यारोस्वाव काचिन्स्की भाषणासाठी उभे राहिले, त्यांनी बरोबर आणलेला टॅब्लेट ध्वनिक्षेपकापाशी धरला, आणि त्या वीतभर पडद्यावरून एक प्राध्यापक सभागृहाला उद्देशून बोलू लागले. पोलंडच्या राज्यघटनेप्रमाणे सरकारवर अविश्वास दाखवायचा तर त्याच ठरावात पुढच्या पंतप्रधानाचे नाव द्यावे लागते आणि ४६० पैकी किमान २३१ सदस्यांची मते मिळवावी लागतात. तेव्हाचे पंतप्रधान दोनाल्द टुस्क यांच्या जागी काचिन्स्कींनी ज्यांचे नाव दिले होते, ते प्योत्र ग्लिन्स्की सभागृहाचे सदस्यच नव्हते. अध्यक्षा एवा कोपाच यांनी त्यांना बोलण्याची परवानगी दिली नाही आणि त्यातून टॅब्लेटची ही युक्ती निघाली. ठराव अर्थातच पडला आणि 'टॅब्लेटमधले पंतप्रधान' पुढे कितीतरी दिवस थट्टेचा विषय होऊन राहिले.

ती चित्रफीत मी पुष्कळ उशिरा पाहिली. हसू मलाही आले, पण नाव ऐकल्यावर ते ओसरले. महाविद्यालयात सामाजिक चळवळी हा विषय शिकवत असताना पूर्व युरोपावरच्या दोन-तीन तासिकांसाठी मी ज्यांचे इंग्रजी लेख वापरत असे, तेच हे ग्लिन्स्की. १९९६ साली त्यांचा 'पोल्स्त्सि झ्येलोनी', म्हणजे 'पोलंडचे हरितवादी', हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. साम्यवादी राजवटीच्या अखेरीपासून बाजारव्यवस्थेच्या पहिल्या वर्षांपर्यंतची पोलंडमधली पर्यावरण चळवळ हा त्याचा विषय. ते केवळ काठावर बसून टिपणे घेणारे अभ्यासकही नव्हते. वॉर्सातील सामाजिक पर्यावरण संस्थेत ते स्वतः काम करत होते. विज्ञान अकादमीच्या तत्त्वज्ञान व समाजशास्त्र संस्थेत संशोधन, ब्याविस्तोकच्या विद्यापीठात अध्यापन आणि उरलेल्या वेळात चळवळ, असे त्यांचे आयुष्य होते. अशा माणसाचा आवाज काचिन्स्कींच्या हातातल्या पडद्यातून का यावा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून बसला आहे.

त्याचे उत्तर शोधताना मला पुन:पुन्हा स्तेफान नोवाक यांच्याकडे जावे लागले. नोवाक हे वॉर्सा विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ. १९७९ साली त्यांनी आपल्या सर्वेक्षणांच्या आधारे एक निरीक्षण मांडले, जे पुढे पोलिश समाजशास्त्रात जवळजवळ म्हणीसारखे रूढ झाले. पोलिश माणसाला विचारले की तुझी माणसे कोण, तर तो एका टोकाला घर, नातलग आणि जिवलग मित्र सांगतो आणि दुसऱ्या टोकाला एकदम राष्ट्र सांगतो. या दोहोंच्या मध्ये काही नाही. कारखाना, संघटना, गाव, वस्ती, व्यवसायबंधू यांपैकी कशाशीच त्याचे मन जोडलेले नाही. या मधल्या जागेला नोवाकांनी 'समाजशास्त्रीय पोकळी' असे नाव दिले. कागदोपत्री ती जागा अधिकृत संघटनांनी खच्चून भरलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या निरीक्षणाचा तिखटपणा कळतो.

पुढच्याच वर्षी सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेचा उदय झाला आणि ती पोकळी एका दमात भरून निघाल्यासारखी वाटली. त्याच सप्टेंबरात, १९८० साली, क्राकुवमध्ये 'पोलिश पर्यावरण क्लब' स्थापन झाला. साम्यवादी गटातल्या देशांमधली ही पहिली स्वतंत्र पर्यावरण संघटना. क्राकुवच्या शेजारी स्काविना येथे ॲल्युमिनियमचा कारखाना होता आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या फ्लोरिनच्या संयुगांनी भोवतालची शेती आणि गुरे यांची दुर्दशा केली होती. जानेवारी १९८१ मध्ये त्या कारखान्याचा विद्युत-अपघटन विभाग सरकारला बंद करावा लागला. डिसेंबरात लष्करी कायदा आला आणि सारे थिजले. तरी १९८५ मध्ये 'स्वातंत्र्य आणि शांतता' नावाचा तरुणांचा गट उभा राहिला आणि चेर्नोबिलनंतर आठवड्याच्या आत, २ मे १९८६ रोजी, व्रोत्स्वावमध्ये त्यांनी रस्त्यावर निदर्शने केली. बाल्टिक किनाऱ्याजवळ झार्नोव्येत्स येथे अणुवीजकेंद्राचे बांधकाम चालू होते. २७ मे १९९० रोजी स्थानिक निवडणुकांबरोबर ग्दान्स्क प्रांतात त्यावर सार्वमत घेण्यात आले. मतदान ४४ टक्क्यांच्या आसपास झाल्याने ते बंधनकारक ठरले नाही, पण मत देणाऱ्यांपैकी ८६ टक्के विरोधात गेले आणि त्याच वर्षी सरकारने प्रकल्प गुंडाळला. अर्धवट बांधलेले ते सिमेंटचे सांगाडे अजून तिथे उभे आहेत.

हा सगळा चढता आलेख ग्लिन्स्कींच्या डोळ्यांसमोर होता, आणि तरीही १९९६ च्या ग्रंथातले आणि नंतरच्या लेखनातले त्यांचे निदान उत्साहाचे नाही. चळवळीचे हळूहळू संस्थांमध्ये रूपांतर होत होते. कार्यकर्ते कर्मचारी होत होते. निधी देणारे परदेशात होते आणि ज्यांच्यासाठी काम करायचे ते लोक कुठे तरी भलतीकडेच होते. पोलंडमधला नागरी समाज हा बेटांचा समाज आहे, असे ते म्हणत. बेटावर माणसे कर्तबगार, एकमेकांशी प्रामाणिक, कामाला वाहिलेली. पण बेटाला ना खाली गावाशी जोडणारा पूल, ना वर राज्यसंस्थेशी जोडणारा. नोवाकांच्या पोकळीत तरंगणारी ही बेटे, असे मी वर्गात सांगत असे, आणि फळ्यावर दोन वर्तुळे काढून त्यांच्यामध्ये खडूचे सात-आठ ठिपके देत असे.

चोर्श्तिनच्या धरणाची गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायची. दुनायेत्स नदीवरच्या या धरणाविरुद्ध पर्यावरणवाद्यांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले, बांधकामाच्या जागी तळ ठोकले. धरण तरीही झाले, १९९७ मध्ये भरले, आणि त्याच जुलैमध्ये पोलंडच्या दक्षिणेत भयंकर महापूर आला, तेव्हा या धरणाने पाणी अडवल्यामुळे खालच्या गावांचे मोठे नुकसान टळले. दरी बुडाली ती बुडालीच. आंदोलकांचे सगळे मुद्दे त्या एका पुराने खोटेही ठरले नाहीत. पण त्या गावांतल्या माणसाला बेटावरच्या माणसाचे ऐकावेसे वाटण्याची शक्यता त्या आठवड्यात संपली.

इथे थोडे स्वतःविषयी. पुण्यात काही वर्षे मी नदीकाठच्या झाडांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात होते. माझ्याकडे काम होते इतिवृत्त लिहिण्याचे. दर बैठकीला अकरा माणसे असत, आणि पहिल्या वहीतली अकरा नावे तिसऱ्या वहीतही त्याच क्रमाने आहेत, हे एकदा वह्या चाळताना माझ्या लक्षात आले. बेट म्हणजे काय, हे मला ग्लिन्स्कींच्या लेखांपेक्षा त्या वह्यांनी अधिक नेमके शिकवले. पुढे मला एका शासकीय समितीवर बोलावणे आले. मी गेले, आत बसून काही करता येईल, असे मला खरोखर वाटले होते. समितीने काय केले ते सांगण्यासारखे नाही. पण वर्षभरात गटातल्या एका मुलाने मला 'ताई' म्हणायचे सोडून 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली, आणि त्याने ते मुद्दाम केलेले नव्हते, हे मला अधिक लागले.

म्हणूनच ग्लिन्स्कींचा पुढचा प्रवास 'सत्तेसाठी विकला गेलेला विद्वान' या एका वाक्यात उरकायला माझे मन तयार होत नाही. २००५ ते २०११ या काळात ते पोलिश समाजशास्त्र परिषदेचे अध्यक्ष होते. २००६ साली स्वयंसेवी संस्थांच्या कार्यशैलींवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि त्याच्या उपशीर्षकातच एक बोचरा प्रश्न आहे : हे हितसंबंधी गट आहेत, की सार्वजनिक हिताचे? १९८९ नंतर ज्यांच्या हाती सत्ता आली त्या सुशिक्षित, उदारमतवादी वर्गाला सॉलिडॅरिटीतल्या लोकसहभागाची नंतर गरजच उरली नाही, त्यांनी नागरी समाजाला वाऱ्यावर सोडले, अशी त्यांची तक्रार होती. ही तक्रार खरी होती, असे मला आजही वाटते. आणि नेमकी हीच तक्रार, अधिक रागाने आणि अधिक साध्या शब्दांत, काचिन्स्कींचा 'कायदा आणि न्याय' पक्ष करत होता. बेटावर कंटाळलेल्या माणसाला समोरून एक मोठे जहाज येताना दिसले, तर ते कुठे चालले आहे हे विचारण्याआधी तो हात हलवतो.

त्याच काळात दुसरे एक समाजशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने निघाले होते. आदाम ओस्तोल्स्की हे ग्लिन्स्कींहून एका पिढीने लहान. वॉर्सा विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक आणि 'क्रितिका पोलितिच्ना' या डाव्या वैचारिक वर्तुळातले लेखक. २००३ साली स्थापन झालेल्या पोलंडच्या हरित पक्षात नेतृत्व नेहमी दोघांकडे असते, एक स्त्री आणि एक पुरुष. २०१३ मध्ये अग्न्येश्का ग्झिबेक यांच्याबरोबर ओस्तोल्स्की पक्षाचे सहअध्यक्ष झाले. म्हणजे ज्या वर्षी ग्लिन्स्की टॅब्लेटमधून बोलले, त्याच वर्षी ओस्तोल्स्की अशा पक्षाचे प्रमुख झाले ज्याचा आवाज टॅब्लेटमधूनसुद्धा सेइममध्ये पोहोचण्याची शक्यता नव्हती. २०१४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत या पक्षाला ०.३२ टक्के मते मिळाली. तेव्हा विजेचा बहुतांश भाग कोळशातून मिळवणाऱ्या, खाणकामगाराला राष्ट्रपुरुषाच्या जवळचे स्थान देणाऱ्या देशात पर्यावरण, स्त्रियांचे हक्क आणि सामाजिक न्याय यांची एकत्र मोट बांधून मते मागायची, तर यापेक्षा फार वेगळे काय होणार? या पक्षाला पोलंडमध्ये कित्येकदा 'प्राध्यापकांचा पक्ष' म्हणून हिणवले जात असेल, तर ते समजण्यासारखे आहे; पण ०.३२ टक्क्यांसाठी रात्री-अपरात्री आगगाडीने जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडणारा प्राध्यापक मला हसण्याचा विषय वाटत नाही.

मग आला २५ ऑक्टोबर २०१५ हा मतदानाचा दिवस, आणि त्या दिवशीची बेरीज-वजाबाकी मी अजून विसरू शकत नाही. पोलंडमध्ये एकट्या पक्षाला सेइममध्ये शिरायला देशभरात ५ टक्के मते लागतात, आघाडीला ८ टक्के. हरित पक्ष 'संयुक्त डावी' या आघाडीत सामील झाला होता. आघाडीला ७.५५ टक्के मते मिळाली, आणि ४५ शतांश टक्क्यांनी ती सगळीच मते वाया गेली. आघाडीत न आलेल्या 'राझेम' या दुसऱ्या डाव्या पक्षाला ३.६२ टक्के मिळाली, तीही जागांच्या हिशेबात शून्य. परिणाम असा की ३७.५८ टक्के मते मिळवणाऱ्या 'कायदा आणि न्याय' पक्षाला ४६० पैकी २३५ जागा मिळाल्या आणि १९८९ नंतर प्रथमच पोलंडमध्ये एका पक्षाचे स्वबळावर बहुमत आले. नोव्हेंबरात बेआता शिद्वो पंतप्रधान झाल्या आणि प्योत्र ग्लिन्स्की उपपंतप्रधान व संस्कृतिमंत्री. धाकट्या समाजशास्त्रज्ञाच्या आघाडीला उंबरठ्यावर लागलेल्या ठेचेने थोरल्याचा दरवाजा अधिक रुंद झाला, असे म्हणणे अगदीच चूक ठरणार नाही.

माझ्या टेबलावर झाडाच्या सालीचा एक तळहाताएवढा तुकडा आहे. वॉर्सात संशोधन करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तो ईशान्य पोलंडमधल्या एका गावात, रस्त्याकडेच्या सरपणाच्या ढिगातून उचलून आणला. साल स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची आहे. बाहेरून खडबडीत, काही विशेष नाही. आतली बाजू उलटून धरली, की मधोमध उभी सरळ एक पन्हळ दिसते आणि तिच्या दोन्ही अंगांना आडव्या बारीक वाटा, सुरुवातीला सुईएवढ्या आणि पुढे पुढे रुंद होत गेलेल्या. भुंगेऱ्याची मादी उभी वाट कोरत दोन्ही कडांना अंडी घालते. अळ्या तिथून बाजूला खात निघतात आणि वाढतात तशी त्यांची वाट रुंदावते. छापलेल्या ओळींसारख्या दिसणाऱ्या या नक्षीमुळे पोलिश भाषेत या जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या भुंगेऱ्याला 'द्रुकाश', म्हणजे मुद्रक म्हणतात. लिनिअसनेही त्याच्या शास्त्रीय नावात 'टायपोग्राफस' हाच शब्द ठेवला.

या मुद्रकाच्या नावावर २०१६ पासून ब्यावोव्येझाच्या अरण्यात जे घडले, ते ग्लिन्स्कींच्या सरकारच्या काळात घडले. युरोपच्या सखल प्रदेशातले आदिम जंगल म्हणजे काय, हे जिथे अजून पाहता येते अशी ही जवळजवळ शेवटची जागा; पोलंड आणि बेलारूस यांच्या सीमेवर पसरलेली, गव्याच्या युरोपीय भावंडाचे घर, १९७९ पासून जागतिक वारसा. पोलंडकडच्या भागाचा सुमारे सहावा हिस्साच राष्ट्रीय उद्यान आहे. उरलेल्यावर मुख्यतः सरकारी वनखात्याचा ताबा. भुंगेऱ्यांनी स्प्रूस वाळत चालले आहेत, तेव्हा ते तोडलेच पाहिजेत, असे म्हणत पर्यावरणमंत्री यान शिश्को यांनी मार्च २०१६ मध्ये ब्यावोव्येझा वनविभागातली दहा वर्षांची तोडीची मर्यादा सुमारे ६३,००० घनमीटरवरून १,८८,००० घनमीटरवर नेली. शिश्को स्वतः वनशास्त्राचे प्राध्यापक, आणि त्यांचा अभ्यासविषय भुंगेरेच. भुंगेऱ्यांची अशी लाट, वाळलेली झाडे आणि त्यांवर जगणारे शेकडो जीव हा त्या अरण्याच्या जगण्याचाच भाग आहे, असे सांगणारे शास्त्रज्ञही पोलिशच होते. २०१७ मध्ये अजस्र तोडयंत्रे आली, आणि तरुण मुले-मुली स्वतःला त्या यंत्रांना साखळ्यांनी बांधून घेऊ लागली. जुलैत युरोपीय न्यायालयाने तोड थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला; तो धाब्यावर बसवला गेल्यावर नोव्हेंबरात दिवसाला किमान १ लाख युरो दंडाची तंबी दिली; आणि १७ एप्रिल २०१८ रोजी तोड बेकायदा असल्याचा निकाल दिला. तोवर शिश्कोंचे मंत्रिपद गेले होते आणि शंभर वर्षांहून जुनी झाडेही गेली होती.

जंगल हे ग्लिन्स्कींचे खाते नव्हते, हे खरे. पण त्या अरण्याचा पोलिश भाग ज्या प्रांतात येतो, त्याची राजधानी ब्याविस्तोक. तिथल्या विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले. यंत्रांना बांधून घेणारी मुले त्यांना अनोळखी नव्हती. तशाच मुलांच्या आधीच्या पिढीवर तर त्यांनी ग्रंथ लिहिला होता. २०१७ च्या १ जानेवारीपासून खाजगी जमिनीवरची झाडे मालकाला परवानगीशिवाय तोडण्याची मुभा मिळाली आणि गावोगावी, शहरांतसुद्धा, करवती चालू झाल्या. तेव्हा क्राकुवच्या चित्रकार सेसिल्या मालिक आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन ताज्या बुंध्यांवर दूध पाजत बसल्या, त्यांची छायाचित्रे फिरली आणि इतर आयाही येऊन बसू लागल्या. ज्या सरकारने दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे दरमहा ५०० झ्लोटी देऊन कुटुंबाला धोरणाच्या केंद्रस्थानी आणले होते, त्याच सरकारसमोर आया बुंध्यांवर बसल्या होत्या. बाळ कडेवर घेऊन त्या घरातून उठल्या होत्या आणि नोवाकांच्या त्या मधल्या रिकाम्या जागेत येऊन बसल्या होत्या. त्या वर्षी कायदा काही प्रमाणात मागे घ्यावा लागला.

मला सर्वांत जास्त विचारात पाडते ती मात्र वेगळीच गोष्ट आहे, जंगलाइतकी डोळ्यांत न भरणारी. २०१७ च्या सप्टेंबरात सेइमने 'राष्ट्रीय स्वातंत्र्य संस्था' स्थापन करणारा कायदा संमत केला. स्वयंसेवी संस्थांना मिळणाऱ्या सरकारी निधीचे वाटप या संस्थेमार्फत व्हायचे होते, आणि तिच्या वरती असलेल्या समितीचे अध्यक्ष होते ग्लिन्स्की. पुष्कळ संस्थांनी आक्षेप घेतला की यामुळे सगळ्या किल्ल्या सरकारच्या हाती जातील. ग्लिन्स्कींचे म्हणणे असे की मोठ्या शहरांतल्या बड्या संस्थाच आजवर सगळा निधी खात आल्या, आता तो लहान गावांतल्या लहान गटांपर्यंत जाईल. या युक्तिवादात मला त्यांचे जुने लेख जसेच्या तसे ऐकू येतात. बेटांना पूल हवा, हे त्यांनी वीस वर्षांपूर्वी लिहिले होते. आता पूल बांधण्याचे कंत्राट त्यांच्याच हाती आले, आणि पुलावर नाकेही त्यांचेच बसले. हितसंबंधी गट की सार्वजनिक हित, हा २००६ मधला प्रश्न पूर्वी एका संशोधकाचा होता. तोच प्रश्न पैशांच्या पेटीवर बसलेल्या माणसाने विचारला की त्याचा अर्थ बदलतो, आणि शब्द तेच असल्यामुळे विचारणाऱ्याला तो बदल जाणवत नसावा. 'ताई'चे 'मॅडम' झाल्याचे मलाही आधी ऐकू आले नव्हते.

२०१९ च्या निवडणुकीत हरित पक्षाचे तीन उमेदवार सेइममध्ये पोहोचले, स्थापनेनंतर सोळा वर्षांनी आणि तेही टुस्कांच्या जुन्या पक्षाने उभ्या केलेल्या 'नागरी आघाडी'च्या यादीतून. पक्षाचे नेतृत्व तोवर ओस्तोल्स्कींकडून दुसऱ्यांकडे गेले होते. ग्लिन्स्की पुन्हा निवडून आले आणि पुन्हा संस्कृतिमंत्री झाले. हरितवाद्यांवर ग्रंथ लिहिणारा आणि हरितवादी अशा रीतीने प्रथमच एका छपराखाली बसले, एक सरकारी बाकांवर आणि तिघे समोर.

सालीचा तुकडा आणून देणाऱ्या विद्यार्थिनीने मध्यंतरी पोलिश समाजशास्त्रावर टिपण लिहायला घेतले, तेव्हा तिने विचारले, "मॅडम, ते पुस्तक मंत्र्यांचे म्हणून वाचायचे का?" मी तिला कळवले की आधी पुस्तक वाच, सगळे वाच, आणि टॅब्लेटची चित्रफीत त्यानंतर बघ. तिचे उत्तर आले, की चित्रफीत तिने कधीच पाहिली आहे आणि पुस्तक ग्रंथालयातून दुसऱ्या कुणी तरी नेले आहे. ते परत येण्याची ती वाट बघते आहे.